काढा, स्वरस आणि निळा दिवा

आमच्या नागऱ्यापासून थोड्या अंतरावर औषधनिर्मिती करणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. प्रामाणिक माणूस, हातचे काही न राखता द्रव्य वापरणारा, एवढे सांगितले म्हणजे पुरे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी मोठ्या उत्साहाने आम्हांस बोलावून नेले. भिंतीवर पोलादी नळीचे एक यंत्र बसविले होते. आत अतिनील किरणांचा दिवा, एका टोकाने गुळवेलीचा काढा आत जातो, दुसऱ्या टोकाने बाहेर येऊन बाटलीत भरला जातो. बाटलीवर नवी चिठ्ठी होती: ‘अतिनील किरणांनी निर्जंतुक’. विक्रेत्याने त्यांना सांगितले होते की हेच यंत्र शहरातील घराघरांत पाणी शुद्ध करते, मग काढ्याला का चालणार नाही? प्रश्न रास्त वाटावा असाच होता. आम्हीही त्या दिवशी मान डोलावून चहा घेऊन परतलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

महिना-दीड महिन्यात बाटल्या परत येऊ लागल्या. काहींची झाकणे फुगली होती, काहींत पांढुरकी साय धरली होती, एक तर दुकानदाराच्या फळीवरच फुटली. स्नेह्यांनी दिव्याकडे पाहिले. तो तर निळा जळतच होता. तेव्हा त्यांनी आम्हांस विचारलेला प्रश्न असा होता: ‘भाऊ, दिवा खोटा, की काढा खोटा?’ दोन्हीही खोटे नव्हते. परंतु हे उत्तर नीट देता यावे म्हणून आम्हांस बरेच वाचावे लागले, जाणत्यांना विचारावे लागले. आणि आज या त्रैमासिकात ते मांडावेसे वाटते, कारण असे यंत्र विकणारे आता तालुक्या-तालुक्यांतून फिरू लागले आहेत आणि आपल्यापैकी अनेक औषधालयचालकांच्या दारापर्यंत पोहोचले आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रकाशाने द्रव शुद्ध करणे ही कल्पना परकी म्हणून झिडकारणाऱ्या ज्येष्ठ वैद्यांशी आम्ही सहमत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधी अध्यायात दूषित जलावर जे उपाय सांगितले आहेत त्यांत अग्नीवर उकळणे आणि तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा ढेकूळ पाण्यात विझविणे यांच्या बरोबरीने सूर्याच्या उन्हात तापविणे हाही उपाय आहे. चरकांनी शरद ऋतूतील ज्या हंसोदकाची थोरवी गायिली ते दिवसा सूर्यकिरणांनी तापलेले व रात्री चंद्रकिरणांनी निवालेले पाणी होय. अर्थात सुश्रुतांच्या मनात सूक्ष्म जंतूंचा विचार आजच्या अर्थाने होता असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. त्या मोहाने आपल्या शास्त्राचे हसे झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. परंतु ऊन आणि निर्मळपणा यांचा संबंध त्यांनी निरीक्षणाने जाणला होता, एवढे निश्चित.

पाश्चात्त्य जगात याच निरीक्षणाला प्रयोगाची जोड १८७७ साली मिळाली. डाउन्स व ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी दाखवून दिले की उन्हात ठेवलेल्या नळ्यांत जंतूंची वाढ होत नाही, आणि हा गुण मुख्यत्वे प्रकाशाच्या निळ्या-जांभळ्या बाजूकडचा आहे. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी एकवटलेल्या प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करून दाखविला आणि १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळविले. १९१० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरात पिण्याच्या पाण्यासाठी अतिनील किरणांचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. पण तेव्हाचे दिवे बेभरवशाचे होते आणि क्लोरीन स्वस्त, म्हणून तो मार्ग मागे पडला. पुढे १९८० च्या सुमारास बेरूत येथील अमेरिकन विद्यापीठात आफ्तिम अक्रा यांनी पारदर्शक भांड्यात पाणी भरून उन्हात ठेवण्याचा साधा उपाय अभ्यासला. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९१ पासून तो पुढे नेला. स्वच्छ, नितळ पाणी प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत सहा तास कडक उन्हात, आणि आभाळ भरलेले असल्यास सलग दोन दिवस, अशी त्याची रीत आहे. सुश्रुतांचे वचन मुखोद्गत असणाऱ्या आपल्या मंडळींनी हा अभ्यास आधी का केला नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

आता दिव्याविषयी. आपण जो दिवा पाहतो त्यात कमी दाबाची पाऱ्याची वाफ असते आणि तिच्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात. हे किरण जंतूच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्यात शोषले जातात आणि तेथील शेजारच्या दोन घटकांना एकमेकांशी चिकटवून टाकतात. परिणामी जंतू मरत नसला तरी त्याची संख्या वाढू शकत नाही, आणि जो वाढू शकत नाही तो रोग करू शकत नाही. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून दिव्याभोवती स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्झची नळी असते. पारद आणि स्फटिक! रसशास्त्र शिकलेल्या वाचकाला हे वाचून किंचित हसू आल्यावाचून राहणार नाही. मात्र हा पारद शोधित नाही; दिवा फुटला तर खोलीची दारे-खिडक्या उघडून, उघड्या हातांनी न गोळा करता त्याची विल्हेवाट लावावी. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये; डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते व ती काही तासांनी सुरू होते, त्यामुळे कामगाराला कारण कळतही नाही.

या विद्येचा सर्वांत लोकोपयोगी उपयोग ज्यांनी केला ते मुंबईत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ होत. १९९२-९३ मध्ये कॉलऱ्याच्या एका नव्या प्रकाराने मद्रासपासून बंगालपर्यंत आणि बांगलादेशात थैमान घातले. अमेरिकेत बर्कली येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करीत असलेल्या गाडगीळांनी त्यानंतर एक साधन तयार केले. त्यांची युक्ती आपण सर्वांनी ध्यानी घेण्यासारखी आहे. त्यांनी दिवा पाण्यात बुडविला नाही. उथळ पन्हळीतून पाणी आपल्याच वजनाने वाहत जाईल आणि दिवा वरून लटकत राहील, अशी रचना केली. पाण्याचा दाब नको, पंप नको, दिव्यावर क्षारांचा थर चढण्याची भीती नाही. साठ वॅटच्या आसपास वीज आणि मिनिटाला सुमारे पंधरा लिटर पाणी! खेड्यातील माणसाला परवडेल असे पाणी त्यातून मिळाले. २०२३ साली अमेरिकेने त्यांना तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक दिले. आपल्याकडे त्यांचे नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जेवढे ठाऊक आहे तेवढे वैद्यांना नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

पण गाडगीळांच्या पन्हळीत पाणी होते, काढा नव्हता. येथेच आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

नितळ पाण्यातून हे किरण कित्येक सेंटिमीटर आरपार जातात. फळांच्या रसात मात्र एका मिलिमीटरच्या आतच बहुतांश किरण शोषले जातात. दूध व दाट काढा यांत त्याहूनही कमी अंतरात. पाण्याच्या यंत्रातील नळी आणि दिवा यांच्यामधील पोकळी काही सेंटिमीटर रुंद असते. तीतून काढा गेला म्हणजे दिव्याला चिकटून वाहणारा पातळ पापुद्रा तेवढा किरणांत न्हाऊन निघतो. उरलेला सारा काढा अंधारातूनच जातो. आणि किरण शोषून घेणारी ही द्रव्ये कोणती? काढ्याला तुरटपणा व रंग देणारी, म्हणजे बहुतांशी तीच, ज्यांच्यासाठी आपण तो काढा देतो. औषधाचा गुणच जंतूंच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहतो, असे म्हटले तरी चालेल. शिवाय ही छत्री फुकट उभी राहत नाही. किरण शोषताना ती स्वतःही बदलते. हळदीतील रंगद्रव्य प्रकाशात उडते हे आपण सर्व जाणतोच. क जीवनसत्त्व व दुधातील ब-२ जीवनसत्त्व प्रकाशाने घटते. फळांतील साखरेवर तीव्र अतिनील मात्रा दिल्यास फ्युरान नावाचे अनिष्ट द्रव्य अल्प प्रमाणात निर्माण होऊ शकते. संस्काराने द्रव्यात गुणांतर होते, हे आपण अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी शिकतो. अग्नी हा संस्कार, भावना हा संस्कार, मग किरण हा संस्कार नव्हे काय? आणि तो संस्कार असेल, तर त्यापूर्वीचा काढा व त्यानंतरचा काढा एकच, असे कोणत्या परीक्षेच्या आधारे म्हणावयाचे?

आणखी एक साधी गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली, आणि ती लक्षात आल्यावर आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. काढा तर उकळलेलाच असतो. चतुर्थांश वा अष्टमांश शेष राहीपर्यंत तो चुलीवर असतो. त्यात किण्व आणि बुरशी उरतच नाही. ती नंतर शिरते. गाळण्याच्या फडक्यातून, निवत ठेवलेल्या उघड्या पातेल्यातून, विसळलेल्या पण न वाळलेल्या बाटलीतून. आमच्या स्नेह्यांचा काढा रात्रभर निवत राही आणि सकाळी दिव्यातून जाई. दिव्याच्या आधीच बिघडलेला, दिव्याने न सुधारलेला आणि दिव्यानंतर ओल्या बाटलीत भरलेला! अतिनील किरणांची एक मर्यादा सर्वांनी मनावर कोरून ठेवावी: त्यांचा परिणाम दिव्याखाली संपतो. क्लोरीन पाण्यात मागे उरतो, किरण काही मागे ठेवत नाहीत. हा त्यांचा गुण आहे, कारण चव वा वास बदलत नाही. आणि हाच त्यांचा दोषही आहे. इतकेच नव्हे, अर्धवट मात्रा मिळालेले काही जंतू साध्या उजेडात आपली मोडतोड दुरुस्तही करून घेतात. बीजाणू व काळी बुरशी तर मुळातच चिवट.

मग रसांच्या बाबतीत जगात हे तंत्र चालतच नाही काय? चालते, पण कसे, ते पाहावे. १९९६ साली अमेरिकेत न तापविलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जंतूचा घातक प्रकार पसरला, अनेक जण आजारी पडले आणि एक बालक दगावले. त्यानंतर तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००० साली रसासाठी अतिनील किरणांस परवानगी दिली, परंतु रस नळीतून संथ न वाहता खळाळत, उलटसुलट होत वाहिला पाहिजे अशी अट घालून. किती खळाळावा याचा किमान आकडाही नियमात लिहिला आहे. हेतू हा की प्रत्येक थेंब कधी ना कधी दिव्याच्या जवळ यावा. २००१ च्या नियमाने अपेक्षा ठेवली ती अशी की लाख जंतूंपैकी फार तर एक उरावा, आणि हे यंत्राच्या माहितीपत्रकाने नव्हे तर परीक्षणाने सिद्ध व्हावे. युरोपात २०१६ मध्ये अतिनील किरण दिलेल्या दुधास मान्यता मिळाली, पण तेही आधी पाश्चरीकरण केलेल्या दुधास. किरणांचे प्रयोजन तेथे ड जीवनसत्त्व वाढविणे व दूध अधिक दिवस टिकविणे हे आहे. सारांश, पातळ पापुद्रा, खळाळता प्रवाह, मोजलेली मात्रा आणि प्रत्येक रसासाठी वेगळी चाचणी. आवळ्याच्या स्वरसासाठी सिद्ध केलेली मात्रा कोरफडीला लागू होत नाही, कारण दोहोंचा दाटपणा, रंग आणि आंबटपणा वेगळा.

स्वरसाचा विषय मात्र आम्ही हलक्याने घेत नाही, कारण येथे खरी अडचण आहे. काढा उकळता येतो, आसव-अरिष्ट आपल्या अंगच्या मद्याने व आम्लतेने टिकते, अवलेह साखरेने टिकतो. स्वरस, हिम आणि काही अंशी फांट यांना असा कोणताच त्राता नाही. शास्त्राने त्यांना ताजे घेण्यास सांगितले, आणि बाजाराने त्यांना बाटलीत भरले. उकळावे तर तो स्वरस राहत नाही. न उकळावे तर टिकत नाही. परिरक्षक घालावे तर रुग्ण तक्रार करतो. अशा ठिकाणी उष्णता न देता जंतू आवरणारे तंत्र खरोखरच उपयोगी पडू शकेल, असे आमचे मत आहे. ‘शकेल’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाने आणि अन्नतंत्रज्ञानाच्या विभागाने एकत्र बसून गुळवेल, आवळा, अडुळसा या तिघांवर जरी रीतसर काम केले — किरणांपूर्वी व नंतर जंतुसंख्या किती, कार्यकारी घटक किती, सहा महिन्यांनी दोन्ही किती — तरी आपल्या व्यवसायाला पुढील वीस वर्षे पुरेल एवढी शिदोरी मिळेल. पदव्युत्तर प्रबंधांसाठी विषय सापडत नाही अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो.

तोवर काय करावे? औषधालयचालकांना आमचे सांगणे आहे की दिवा टाकून देऊ नका, त्याची जागा बदला. ‘अनुसूची टी’ मध्ये २००० सालापासून आपणावर उत्तम निर्मितिपद्धतीचे जे बंधन आहे, त्यात औषधासाठी वापरावयाचे पाणी पिण्यायोग्य व शुद्ध असले पाहिजे हे आहेच. तेथे हा दिवा शोभतो: आधी गाळणी, मग दिवा, आणि त्याच पाण्याने वनस्पती धुणे, भांडी व बाटल्या विसळणे. गढूळ पाणी थेट दिव्याखाली नेऊ नये. आमच्या भागात तलाव-बोड्यांचे पाणी पावसाळ्यात चहासारखे असते, ते आधी निवळलेच पाहिजे. सुश्रुतांनी निर्मळीचे बी प्रसादनासाठी सांगितले आहे. प्रसादन व शोधन ही दोन वेगळी कर्मे आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. दिवा निळा दिसतो म्हणून तो काम करतो असे समजू नये. दिसणारा निळा उजेड वेगळा आणि न दिसणारे मारक किरण वेगळे. आठ-नऊ हजार तासांनंतर निळा उजेड तसाच राहतो, मारक शक्ती ओसरते. अखंड चालणारा दिवा म्हणजे वर्षाला एक नवा दिवा, हा हिशेब यंत्राच्या किमतीत धरावा. स्फटिकनळीवरील क्षारांचा थर दर पंधरवड्यास पुसावा. वीज जाताच पाणी आपोआप थांबेल अशी कळ नसेल तर ते यंत्र घेऊच नये. दिवा विझलेला आणि पाणी वाहते, याहून फसवी अवस्था दुसरी नाही.

आणि काढा? तो चुलीवरून उतरताच गाळून, कढत असतानाच वाळलेल्या गरम बाटलीत भरावा आणि झाकण लगेच लावावे. यात नवे काहीच नाही. ज्याला आंबटपणा नाही असा काढा तेवढ्याने दीर्घकाळ निर्धोक राहतो असेही नव्हे, कारण उष्णता सोसणारे बीजाणू असतात. त्याला नियमाने मान्य केलेले परिरक्षक घालावे, अथवा चूर्ण द्यावे आणि रुग्णास घरी रोज काढा करावयास सांगावे. हे शेवटचे करणे विक्रीला मारक आहे, हे आम्ही जाणून आहोत.

आमचा खरा आक्षेप चिठ्ठीवर आहे. ‘अतिनील किरणांनी निर्जंतुक’ हे शब्द वाचणारा रुग्ण काय समजतो? तो समजतो, यात काहीच अपाय उरला नाही. पण किरण शिसे काढत नाहीत, कीटकनाशक काढत नाहीत, वनस्पतीचे स्वतःचे विष तर काढतच नाहीत. २०१० साली दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू लागलेला रस लगेच टाकून द्यावा असेच सांगितले. तो रस कितीही दिव्यांखालून नेला असता तरी फरक पडला नसता. जिभेने जे सांगितले ते दिव्याला सांगता येत नाही. ज्या बाटलीची जंतुपरीक्षा कधी झालेली नाही तिच्यावर ‘निर्जंतुक’ लिहिणे हे अज्ञानाने झाले तर चूक आणि जाणून झाले तर फसवणूक आहे. आयुर्वेदीय फार्माकोपियाने द्रव्यांसाठी जंतुसंख्येच्या मर्यादा दिल्या आहेत आणि ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे रोगकारक जंतू मुळीच नसावेत असे म्हटले आहे. त्या मर्यादेत बसणे आणि निर्जंतुक असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जे रस औषध म्हणून नव्हे तर आहार म्हणून विकले जातात, त्यांना २०२२ च्या आयुर्वेद आहार नियमांपासून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची कक्षा लागू आहे. म्हणजे विचारणारा एक नव्हे, दोन आहेत.

लहान औषधालयाला प्रत्येक घाण्याची परीक्षा परवडत नाही, ही अडचण खरी आहे आणि ती एकेकट्याने सुटणारी नाही. जिल्ह्यातील आठ-दहा निर्मात्यांनी मिळून एका मान्य प्रयोगशाळेशी वर्षाचा करार केला, नमुने एकाच दिवशी एकाच गाडीने पाठविले, तर खर्च निम्म्यावर येईल. गोंदियात हे का होऊ नये, असा प्रस्ताव आम्ही संघटनेच्या पुढील जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. विरोध होईल, याचीही कल्पना आहे. परीक्षेचा कागद हाती आला की तो कपाटात ठेवता येत नाही.

नागऱ्याच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आम्ही काही वैद्य पाण्याची सोय करतो. गेल्या वर्षापर्यंत दिव्याखालून आलेले पाणी उघड्या पिंपात साठवून ग्लास बुडवून देत होतो, आणि त्या दिव्याचा आम्हांस अभिमानही होता. या वर्षी पिंपाला झाकण आणि खाली तोटी बसविली. स्नेह्यांनी आपला दिवा बाटल्या भरण्याच्या टेबलावरून काढून पाण्याच्या टाकीजवळ नेला आहे. छापून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा अजून त्यांच्या माळ्यावर आहे. मागची बाजू कोरी असल्याने नुस्खे लिहावयास त्या उपयोगी पडतात, असे ते म्हणतात.